फाटकावरच्या कॅमेऱ्याची वेळ

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी एन्कोडर बसवला होता. जुन्या कॅमेऱ्यांचं चित्र कॉम्प्युटरवर दिसेल असं करून देणारी ही डबी. चित्रावर तारीख-वेळही तीच उमटवते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. अमरावतीला इंजिनिअरिंग झालं ते वडिलांनी चांदूर रेल्वे गावात वाहिलेल्या ओझ्यांवर. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालताना मला अजूनही बरं वाटतं.

दिवाळीनंतर तिथे कापसाच्या गंजीला आग लागली. लवकर विझली, पण गंजीवर लक्ष ठेवणाऱ्या बाईला मॅनेजरने कामावरून काढलं. जेवणाची सुटी दोनच्या भोंग्याला संपली. आगीचा फोन मॅनेजरने मोबाइलवरून अग्निशमन दलाला दोन दहाला लावला. आणि फाटकावरच्या कॅमेऱ्यात बाई परत येताना वेळ होती दोन वीस. चित्रण बरोबर आहे, अशा मजकुराच्या कागदावर सही करायला मला बोलावलं.

बाई फाटकाबाहेरच उभी होती. "मी भोंग्यासंगंच आत आली. आग दिसली तं कल्ला बी मीच केला. तुही डबी खोटी बोलून राहिली."

मला रागच आला. रागातच चित्रण पुढे सरकवत गेलो. माणसं पाइप घेऊन फाटकाजवळच्या टाकीकडे धावत होती. वेळ दोन तीस. फोननंतर वीस मिनिटांनी? बाई दिसली तिथेच सगळ्यांनी चित्रण थांबवलं होतं. पुढचं कोणी पाहिलंच नव्हतं.

फिटरला विचारलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा म्हणून दिवसभर वीज बंद होती. एन्कोडरलाही हळदकुंकू वाहिलं होतं. वीज आल्यावर त्याची वेळ चुकलेली दिसली, तेव्हा फिटरने ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ पाहून ती लावली. ते घड्याळ मॅनेजरने मुद्दाम वीस मिनिटं पुढे ठेवलेलं, मजूर सकाळी लवकर यावेत म्हणून. भोंगा मात्र मॅनेजरच्या मोबाइलवर वेळ पाहून वाजायचा.

चूक माझीही होती. वेळ आपोआप जुळण्याची सोय मी करून द्यायला हवी होती. कंटाळा केला.

"साहेब, दुसरी बाई ठेवली बी," मॅनेजर म्हणाला. "सही मारा, चहा घ्या."

"वेळ चुकीची आहे. तसं लिहून सही करतो."

त्याने माझ्या मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला.

"अबे, तुले डबे लावाले पाठवलं का वकिली कराले? आपली चूक आपणच कावून लिहितं? काम जाईन हातचं!"

"जाऊ द्या," मी म्हणालो आणि फोन परत दिला.

शाळेत आमचे सर म्हणायचे, प्रयोग चुकला तर चुकला असं लिहा, उत्तर पाहून आकडे भरू नका. त्यांच्यामुळे मी इथवर आलो. छापील मजकुरावर काट मारून मी खाली लिहिलं: घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं, बाई दोनलाच आत आली, वेळेची सोय न करणं ही माझी चूक. पूर्ण नाव लिहून सही केली. मॅनेजरने कागद न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकला.

बाहेर येऊन बाईला सगळं सांगितलं. तिने हात पुढे केला.

"कुठी हाये कागद?"

"मॅनेजरजवळ."

"मंग काय फायदा? त्याच्या ड्रॉवरात गेलेला कागद कोनी परत पायला नाही, भाऊ. मले झेरॉक्स पाहिजे. शिक्क्याची."

मी परत आत गेलो आणि मॅनेजरला ड्रॉवर उघडायला सांगितलं.