वेरूळची बेलवाली

ओल्या बेलपानांचा वास आला की मला वेरूळ आठवतं. लग्नानंतर पाहिलेलं ते ठिकाण तुमच्या आजोबांनी मला पंचवीस वर्षांनी पुन्हा दाखवायला नेलं. “मीही तेव्हापासून आलो नाही,” ते म्हणाले. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुष उघड्या अंगानं जातात. दारातली बेलवाली म्हणाली, “द्या सदरा साहेब, नेहमीवानी. आज बाईंना बी आणलं व्हय!” माझ्या मनात पाल चुकचुकली. देवाला कधी हात न जोडणारा हा माणूस इथं कोणाबरोबर येत होता? दर्शनानंतर मी विचारलंच. ते ओशाळले. “गेल्या वर्षी तू दवाखान्यात होतीस, तेव्हा दर सोमवारी यायचो. सांगितलं असतं तर तू हसली असतीस.” तरीही पाण्याची बाटली विसरल्याचं निमित्त करून मी बेलवालीकडे गेलेच. “एकलेच यायचे की,” ती म्हणाली. ही चौकशी आजोबांना शेवटपर्यंत कळली नाही. आज तुम्हाला लिहितानाही मला माझी लाज वाटते.