लुडविगचं बाळुतं

बोईसरला आमच्या शेजारी राहणाऱ्या सिपोराबाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. बोलायला लागल्या की मध्ये तोंड घालायची कोणाची बिशाद नाही. त्यांचे सासरे लुडविग मात्र जर्मनीतले ज्यू. नाझींच्या काळात जीव मुठीत धरून मुंबईला आले आणि इथल्याच मुलीशी लग्न केलं. आईबाप मागे राहिले ते राहिलेच.

त्यांच्या खेड्यात मुलाची सुंता झाली की त्या वेळचं बाळुतं फाडून लांब पट्टी शिवत. तिच्यावर मुलाचं, बापाचं नाव आणि जन्मतारीख रंगीत दोऱ्याने भरत, मग ती सिनेगॉगमधल्या, म्हणजे प्रार्थनाघरातल्या, धर्मग्रंथाला गुंडाळत. लुडविग निघाले तेव्हा आईने ती पट्टी तिथून मागून आणून त्यांच्या सामानात घातली. पुढे सिनेगॉग जळालं, जन्मनोंदींची दप्तरंही जळाली.

गेल्या वर्षी त्या गावातल्या एका बाईंनी पत्ता काढून फोन केला. गावच्या ज्यू घरांची नोंद त्या नव्याने जमवत होत्या. लुडविग तिथलेच, याला काही पुरावा हवा होता. सिपोराबाई विधवा, मूलबाळ नाही. "माझ्यामागे कोण सांगणार, सासरे कोणाचे होते?" त्या म्हणाल्या. पट्टीचा फोटो काढा म्हणून मी घसा कोरडा केला, पण सणाशिवाय ती उलगडायची नाही, हा त्यांचा हेका.

सणाआधीच कामवाल्या लाडकीची लेक बाळंत झाली. तान्ह्याला नवं कापड लावत नाहीत, म्हणून लाडकीने जुनं, मऊ काहीतरी मागितलं. सिपोराबाई तापाने पडून होत्या. "पेटीतलं सासूबाईंचं लुगडं ने," त्या म्हणाल्या. पट्टी आपणच त्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती, हे सणाला पेटी उघडल्यावर त्यांना आठवलं.

आम्ही दोघी रिक्षाने लाडकीच्या पाड्यावर गेलो. दोरीवर लुगड्याचे आणि पट्टीचे तुकडे वाळत होते, पांढरे स्वच्छ.

"पट्टीचा दोरा पोराला टोचत होता, बाय," लाडकी कौतुकाने म्हणाली. "मीच बसून उसवला. एक टाका नाय ठेवला."

सिपोराबाईंनी एक तुकडा उजेडात धरून पाहिला आणि परत दोरीवर टाकला. बाळाच्या हातावर पैसे ठेवले. परतताना रिक्षात मलाच रडू आवरेना.

घरी येऊन त्यांनी जर्मनीला फोन लावला. पट्टी गेली, एवढंच सांगितलं. "निदान लुडविग यांच्या वडिलांचं नाव?" पलीकडून विचारणा झाली.

सिपोराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते नाव त्यांनी कधी पाठ केलं नव्हतं. पट्टीवर होतं ना.