न हलणारं पायडल

रविवार, २ मार्च

दिवाळीनंतर इथं काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. तुमचे निरोप वाचत होतो, उत्तरं देत नव्हतो. सांगण्यासारखं कारण नव्हतं. माझ्याकडच्या सातही जुन्या शिलाई मशीनी जागेवर आहेत, तेलपाणी वेळेवर झालंय, पण नोव्हेंबरपासून एकीवरही मी टाका घातलेला नाही. रविवारी आच्छादन काढायचं, चाक एकदा हातानं फिरवायचं, परत झाकून ठेवायचं. बायकोनं, अनघानं, विचारणं सोडून दिलं होतं.

अशात अजिंठा गावातून इरफान नावाच्या वाचकाचा निरोप आला. "आईची जुनी मशीन आहे. फक्त मुंडी विकायची आहे." सोबत फोटो. लांब शटलची मशीन! नव्या वाचकांसाठी सांगतो: मुंडी म्हणजे पायडलचा स्टँड सोडून वरची नुसती मशीन; आणि गोल बॉबिनच्या आधी होडीच्या आकाराचं एक शटल असायचं, ते आत पाळण्यासारखं झुलतं. अशा मशीनचा आवाज खटखट नसतो, कुणी सुपारी कातरत बसल्यासारखा असतो. पायाला लय सापडली की डोक्यातली बडबड आपोआप थांबते. मला ती थांबायला हवी होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून शुक्रवार-शनिवारची रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं जळगावहून निघालो.

जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा. फर्दापूरला पर्यटक उतरून जातात, मग घाट चढून गाडी अजिंठा गावात येते तोवर खिडकीजवळची जागा हमखास मिळते. इरफान थांब्यावर आला होता. तिशीचा असेल, फर्दापूरला रंगीत दगड आणि स्फटिक विकतो. घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, भाव कसा सांगावा याच्या विचारात असेल.

त्याची आई, नसीमआपा, पलंगावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी माझ्या पाठीमागं दाराबाहेर पाहिलं.

"या भाऊ, या. टेम्पो कुठं लावला?"

"कसला टेम्पो?"

"स्टँड नाय आणला? ह्यो तर म्हणला, स्टँड वेल्डिंगला दिलाय, आज औरंगाबादहून वेल्डिंगवाले घेऊन येणार हायेत."

इरफान माठातून पाणी काढायला गेला आणि तिथंच उभा राहिला. कोपऱ्यात जमिनीवर, पोत्यावर, मशीनची नुसती मुंडी होती. मी वेल्डिंगवाला नाही, मुंडी विकत घ्यायला आलोय, हे खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आपा, स्टँड अजून तयार नाही." ते वाक्य मी का बोललो, याचा विचार दोन दिवस करतोय. सभ्यपणा म्हणावा तर तो कुणासाठी होता?

"लई दिवस झाले पण," त्या म्हणाल्या. "डावा पाय आखूड हाय माझा, लहानपणापासून. अब्बांनी पायडलवर लाकडाचा ठोकळा बसवून दिला व्हता. दुसऱ्याच्या मशीनवर बसलं की मी लंगडी. माझ्या मशीनवर बसलं की नाय."

गावातल्या कितीतरी नवऱ्यांना बायकांच्या ब्लाउजचं माप ठाऊक नाही, पण मला ठाऊक आहे, असं म्हणून त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

बाहेर गल्लीत इरफान बोलला. "अम्मी दवाखान्यात व्हती. डॉक्टर म्हणले, आता आराम. मला वाटलं, आता कुठं बसती मशीनवर. भंगारवाला दारात आला, म्हणला, हाटेलला स्टँड पायजे. देऊन टाकला."

"आणि मुंडी?"

"मुंडी त्याला नको व्हती."

भंगारवाल्याचं दुकान औरंगपुऱ्यात आहे एवढं त्याला माहीत होतं. स्टँड परत मिळतो का बघायला मी दुपारच्या गाडीनं सिल्लोडमार्गे संभाजीनगरला निघालो. रस्ता आता बराच रुंद आहे, धूळ मात्र खिडकी लावली तरी आत येते. नाकाला रुमाल ठेवा. बसस्थानकाजवळ साधा लॉज मिळाला. चादर स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. जवळच नान-खलिया सुरेख मिळतो, एकट्याला अर्धी प्लेट पुरते. मी ती निम्मी टाकली.

औरंगपुऱ्यात रिक्षा मुख्य रस्त्यावरच सोडा, आत गल्लीत वळायला जागा नसते. दुकानात मशीनींच्या मुंड्यांचा ढीग होता, गुडघ्याच्या वर. स्टँड एकही नाही.

"स्टँड को तो वेटिंग है साहब," मालक म्हणाले. "कॅफेवाले, रिसॉर्टवाले, सबको वहीच होना. मुंड्या घ्या ना, किलोवर देतो."

ढिगातल्या एका मुंडीचं चाक मी फिरवलं. सुई अलगद वर गेली, अलगद खाली आली. काहीही बिघडलं नव्हतं तिचं.

तीन वर्षांपूर्वी मी इथं आमच्या बाल्कनीतल्या स्टँडचा फोटो टाकला होता, वर शेवंतीच्या कुंड्या ठेवलेला. माझ्या कुठल्याही शिलाईला मिळाली नसेल एवढी दाद त्याला मिळाली. त्याची मुंडी निकामी होती, असं तेव्हा लिहिलं होतं. ते खरंच होतं. पण स्टँड निकामी नव्हता.

मालकांनी सांगितलं, मागचा माल चिकलठाण्याच्या एका नव्या कॅफेत गेला. शनिवारी सकाळी तिथं पोचलो. सगळी टेबलं मशीनच्या स्टँडची, वर काळा ग्रॅनाइट, जाळीला सोनेरी रंग. मी एकेका टेबलाखाली वाकून बघू लागलो.

"काका, सापबिप आहे का?" एका पोरानं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. त्याची मैत्रीण खिदळली.

"पायडल बघतोय," मी म्हणालो.

काउंटरवरच्या बाई धावत आल्या. "ते हलत नाही हो सर. गिऱ्हाइकांचे पाय अडकायचे, म्हणून वेल्ड करून टाकलंय."

त्या पोरांच्याच टेबलाखाली तो सापडला. पायडलच्या डाव्या बाजूला बोल्टची दोन भोकं होती आणि त्यांच्याभोवती ठोकळ्याएवढा चौकोन कमी झिजलेला, सोनेरी रंगाखालूनही दिसणारा. पोरं गेल्यावर मी तिथं बसलो, कॉफी मागवली, चपला काढून पाय ठेवले. टाच दाबली, चवडा दाबला. भिंतीवर पाय ठेवल्यासारखं वाटलं.

बाईंना सगळं सांगितलं. भल्या होत्या. म्हणाल्या, "घेऊन जा हवं तर. पण मोठं चाक कापून टाकलंय, बसायला अडचण होत होती. ते भंगारात गेलं." मी विचारलं, लाकडाचा एक ठोकळा होता का? त्यांना आठवत नव्हतं. मी तो स्टँड घेतला नाही.

दुपारी परत अजिंठ्याला उतरलो. इरफान फर्दापूरला दुकानावर होता. फोनवर म्हणाला, "तुम्हीच सांगा सर. माझ्याच्यानं व्हत नाय."

मी सांगितलं. नसीमआपांनी सगळं ऐकून घेतलं.

"कोण बसतं तिथं?"

"कॉलेजची पोरं. कॉफी पितात."

"बसू दे." पलंगाच्या कडेला सरकत म्हणाल्या, "ठोकळा?"

"नव्हता."

मग त्यांनी पोत्यावरची मुंडी हातानं माझ्याकडं सरकवली. "घेऊन जा ही."

"आपा, मी त्यासाठी नाही आलो."

"त्यासाठीच तर आला व्हता की. हितं राहिली तर ही बी जाईल. तुमच्याकडं चालंल तरी."

किमतीचं विचारलं, तर म्हणाल्या, काय द्यायचं ते इरफानला द्या, मला सांगू नका. माझ्याकडं दुसरा स्टँड आहे, ठोकळा बनवून घेऊ, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच रोखून पाहिलं.

"अब्बांनी माझा पाय हातात धरून माप घेतलं व्हतं, भाऊ. तुम्ही घेणार का?"

गाडीची वेळ झाली, असं काहीतरी पुटपुटलो आणि मुंडी पोत्यात गुंडाळून निघालो. जड असते ती. एसटीत मांडीवर घेऊन बसलो, घाट उतरताना दोन्ही हातांनी धरून.

दरवेळी प्रवासाहून आलो की नव्या मशीनचा फोटो इथं टाकतो. या वेळी टाकणार नाही. इतकी वर्षं जिचा शोध होता ती मिळाली आहे, आणि तिच्याकडं बघवत नाही. कारागीर मशीन रिकामी ठेवत नाहीत, खालचे दाते घासू नयेत म्हणून कापड दाबून धरणाऱ्या फुटाखाली एखादा तुकडा असतो. हिच्याखाली हिरव्या ब्लाउजची बाही आहे, अर्ध्यापर्यंत शिवलेली. टाके इतके एकसारखे की मला तसे कधी जमले नाहीत. सुई अजून कापडातच आहे.

"चालवून बघ की एकदा," अनघा म्हणाली.

"आधी बाही काढावी लागेल."

"मग नको काढूस." ती चहा ठेवून बाल्कनीत गेली, झाडांना पाणी घालू लागली. कुंड्यांतून पाणी स्टँडच्या पायडलवर ठिबकत होतं. मी उठून तिथं गेलो, पायानं दाबलं. गंजलंय, पण हलतं.

पाय हातात धरून माप घ्यायला मला जमेल का, माहीत नाही. त्या घेऊ देतील का, तेही नाही. बहुधा नाहीच.

उद्या: बाल्कनीतल्या स्टँडवरून कुंड्या उतरवणे.