सोनगीरच्या नाक्यावरची झडती

सोनगीरच्या नाक्यावरची ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले; पण घरी पाहुणे जमले आणि ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हणाले की माझ्या तोंडून आधी हीच निघते. ऐकणाऱ्यांची थोडी निराशा होते. त्याला माझा इलाज नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. अफू-गांजाचा नवा कडक कायदा आला होता आणि मध्य प्रदेशातून येणाऱ्या गाड्यांवर आमची नजर असे. निनावी खबरांना तर नुसता ऊत आला होता. मला त्यांचा मनापासून तिटकारा. नाव लपवून बोलणाऱ्याला बहुतेक वेळा भाऊबंदाचा काटा काढायचा असतो, अफू निमित्तापुरती. पण आलेली खबर कानाआड करता येत नाही, आणि ती आली म्हणून कोणाच्याही गाडीवर तुटून पडता येत नाही.

सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात फोन वाजला. बोलणाऱ्या माणसाच्या मराठीला मारवाडी वळण होतं आणि त्याला घाम फुटला असावा असं आवाजावरून वाटत होतं.

“शिरपूरकडून मॅटॅडोर येती आहे. घरसामान भरलेली. पुढे एक म्हातारा बसलेला असेल. त्याच्या गोधडीत अफू आहे.”

“गाडीचा नंबर?”

“नंबर नाही माहीत. गोधडी निळी आहे. कोपऱ्याला हिरव्या खणाचं ठिगळ.”

नाव विचारताच फोन बंद झाला. खबर स्टेशन डायरीत लिहिली, वरिष्ठांना कळवली आणि आम्ही नाक्यावर गेलो. वाटेत हवालदार खुशीत होते. माझ्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. ज्याला माल माहीत असतो, त्याला गाडीही माहीत असते. याला गाडीचा नंबर माहीत नव्हता आणि ठिगळाचा रंग मात्र पाठ होता.

दुपारी मॅटॅडोर आली. मागे कपाट, पलंग, पाटा-वरवंटा, पितळी हंडे. पुढे ड्रायव्हरशेजारी पस्तिशीतला एक तरुण आणि त्याचा म्हातारा बाप. बापाच्या मांडीवर निळी गोधडी, कोपऱ्याला हिरवं ठिगळ. हवालदारांचे डोळे चमकले.

तरुण सरकारी नोकर होता. साक्रीच्या पलीकडे, डोंगराकडच्या गावी त्याची बदली झाली होती. बायको-पोरं आधीच पुढे गेली होती.

“तपासा लवकर आणि सोडा, साहेब,” तो म्हणाला. “आबांना दम लागतो. ऊन वाढतंय.”

लवकर करणं मला जमत नसे. नाक्यावरचा हॉटेलवाला आणि एक निवृत्त गुरुजी असे दोन पंच बोलावले. खबर काय आहे ते बाप-लेकाला सांगितलं, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा हक्क आहे तेही सांगितलं. मग नियमाप्रमाणे आधी आमचीच झडती पंचांना घ्यायला लावली. हवालदारांना हा प्रकार लग्नातल्या मानपानासारखा वाटे. नाक मुरडत त्यांनी खिसे उलटे केले. मी त्यांना म्हटलं, “अफू तुमच्या खिशातून गाडीत गेली नाही, हे कोर्टाला कोण सांगणार? तुमची मिशी?”

सामान उतरलं. हंडे पाहिले, कपाट पाहिलं. गोधडी पंचांसमोर शिवणीशिवणीने चाचपली. आत जुन्या लुगड्यांखेरीज काही नव्हतं.

एव्हाना बघ्यांची गर्दी जमली होती. झडतीला जमलेली माणसं पोलिसांच्या हाताकडे बघतात, आता काय निघतं म्हणून. त्या गर्दीत एक म्हातारी अशी होती, की तिने आमच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. फडक्यात बांधलेली भाकरी छातीशी धरून ती नुसती म्हाताऱ्याकडे बघत होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी म्हाताऱ्याला विचारलं, “आबा, ही गोधडी कोणी शिवली?”

“मन्ही घरवालीनी,” तो म्हणाला. “ती आठेच शे, सोनगीरमा. मोठा पोऱ्याकडे.”

मी म्हातारीजवळ गेलो आणि हळूच विचारलं, “अक्का, फोन कोणी केला?”

तिने लपवाछपवी केली नाही. “शेठना दुकानमातून मीच कराले लाया, साहेब. त्यासना काहीच गुन्हा नही. त्यासले सोडा. माले बेडी घाला.”

मग सगळं बाहेर आलं. सकाळचा तो घाम फुटलेला आवाज दुकानदार शेठचा होता. दोन भाऊ विहिरीच्या पाण्यावरून भांडले, बोलणं तुटलं आणि घराबरोबर आईबापांचीही वाटणी झाली. आई सोनगीरला थोरल्याकडे, बाप शिरपूरकडे धाकट्याकडे. थोरला तिकडे जाऊ देत नव्हता, धाकटा इकडे थांबत नव्हता. आणि आज धाकटा बाडबिस्तरा घेऊन याच रस्त्याने जाणार, हे तिला बाजारात कळलं होतं.

“आते त्या डोंगरमा जातीन,” ती म्हणाली. “मंग माले कव्हय दिसतीन? साधं सांगं असतं तं तुम्ही गाडी थांबाडती का?”

नसती थांबवली. तिचं खरंच होतं.

ती म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या दिवसांनी भेटलेली माणसं काय बोलतील असं मला वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, “काही खादं का?” त्याने नकारार्थी मान हलवली आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. खाकीतल्या माणसाला ते लपवायला टोपी उपयोगी पडते.

धाकटा मात्र अस्वस्थ झाला. “साहेब, काही सापडलं नाही ना? मग आम्हाला जाऊ द्या.”

हवालदार माझ्या कानाशी लागले. “साहेब, टायर तपासायचे राहिले म्हणू. बसू द्या म्हाताऱ्यांना संध्याकाळपर्यंत.”

कडक हवालदारही विरघळले होते. मोह मलाही झाला. पण खबर खोटी निघाली त्या क्षणी माझा अधिकार संपला होता. दयेपोटी अडवलेला माणूसही अडवलेलाच असतो. आज दयेपोटी अडवला, तर उद्या रागापोटी अडवायला हात कचरणार नाही.

पंचनामा वाचून दाखवला, सह्या घेतल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “तुम्ही जाऊ शकता. तुम्हाला थांबवायचा मला अधिकार नाही.” मग म्हाताऱ्याकडे वळलो. “आबा, तुम्हीही मोकळे आहात. गाडीत बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. मी नाही, आणि तुमच्या मुलानेही नाही.”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. वाटणीच्या दिवशी त्याला हे कोणी विचारलं नसावं. मग तो मुलाला म्हणाला, “तू जाय, भाऊ. नोकरी शे तुनी. मी आठेच ऱ्हासू.”

तेवढ्यात थोरला सायकल हाणत आला. दुकानदाराने घाबरून त्यालाही कळवलं असावं. तो भावाकडे बघेना. सरळ जाऊन उतरवलेल्या सामानातली बापाची ट्रंक उचलू लागला. ती एकट्याला उचलेना. मग धाकट्याने पुढे होऊन दुसरी कडी धरली. दोघेही एक शब्द न बोलता ट्रंक घेऊन गावाकडे चालू लागले. मागून म्हातारा-म्हातारी.

खोटी खबर देणं हा गुन्हा आहे. त्याची फिर्याद मीच द्यायची होती, म्हणून वरिष्ठांना काहीही न लपवता सगळं सांगितलं. ते कडक म्हणून प्रसिद्ध होते.

“म्हातारा आता कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“सोनगीरला, सर. बायकोजवळ.”

“मग फिर्याद कोणाविरुद्ध द्यायची?” ते म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

पुढे नव्या पोरांना झडतीचा कायदा शिकवायची वेळ आली, तेव्हा कलमं सांगून झाल्यावर मी एवढंच सांगत असे: गाडी थांबवायचा अधिकार आपल्याला सरकार देतं, त्याचा गर्व नको. गाडीतल्या माणसाला कुठे जायचंय, ते मात्र त्यालाच विचारत जा. घरचे पुष्कळदा विचारत नाहीत.