आधी फोन, मग बटणं

इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या बाजारात डोरीन ॲक्रॉइड लोकर विकते. बाळासाठी लोकर मागणाऱ्या प्रत्येक बाईला ती रंगाआधी विचारते, "ग्रुप बी स्ट्रेपचं ऐकलंयस का?" सोबतचे नवरे छताकडे बघू लागतात.

चार-पाच बायकांमागे एकीच्या अंगात हे जंतू निमूट राहतात. तिला काही होत नाही. बाळंतपणात ते क्वचित बाळाला बाधतात, पण बाधले तर जिवावर बेततं. प्रसूतीआधी काही तास आईला सलाइनमधून पेनिसिलिन मिळालं की धोका बराच घटतो. डोरीनला हे सगळं मुलगी झाल्यावर, उशिरा कळलं. गिलियन वाचली, पण तिचा डावा कान गेला. आज पन्नाशीतली गिलियन आई बोलू लागली की नेमका तोच कान पुढे करते.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी दिवस भरत आलेली केरी हिंचक्लिफ आली. तिच्या तपासणीत हे जंतू निघाले होते, दवाखान्याच्या कागदांवर तशी नोंदही होती.

"बदकांची तीन बटणं दे गं. बाळाचा स्वेटर आजच संपवते."

"आजच कशाला?"

"पहाटे पाणमोट फुटली."

डोरीनने बटणांचा डबा बंद केला. "दवाखान्यात फोन केलास?"

"कळा कुठे आहेत अजून? सुट्टीच्या दिवशी उगाच कुणाला त्रास द्यायचा?"

"त्रास घ्यायलाच बसल्यात सुईणी तिथे! लाव फोन."

केरीने फोन लावला. "माफ करा हं, तुम्ही कामात असाल, तसं काही विशेष नाही..."

डोरीनने फोन हिसकावला. "पहाटे पाणमोट फुटलीय. ग्रुप बी स्ट्रेप आहे."

पलीकडची सुईण म्हणाली, "लगेच आणा."

समोरच्या मासेवाल्या क्लाइव्हने गाडी काढली. "मागे वास येतो हां," तो ओशाळून म्हणाला.

"बाळ तक्रार करणार नाही. चल!"

साडेदहाला सलाइन लागलं. संध्याकाळी मुलगा झाला, तोही ठणठणीत.

तीन आठवड्यांनी केरी त्याला घेऊन आली. बाळाच्या अंगात तोच स्वेटर, पुढून सताड उघडा.

"बटणं न्यायला यायचंस की!"

"गर्दी असते तुझ्याकडे. म्हटलं, कशाला त्रास..."

डोरीनने कपाळावर हात मारला आणि सुईत दोरा ओवला.