बोंडं मोजताना बोलायचं नाही

कापूस वेचताना ओटीत काडीकचराही येतोच. आमच्या कामाचे किस्से तसेच. कितीही झटका, चिकटून राहतात!

बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी खाल्ली, त्या वर्षांतलं हे काम. दिग्रसच्या आसपासची वावरं आणि आम्ही तिघी: मी, शबाना, वंदनाताई. वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, किडकी मोजायची. विसात दोन जरी किडकी निघाली, तरी फवारणी लगेच. मोजणी चुकली तर वावर हातचं गेलं. नोंदीसाठी आमच्या यवतमाळच्या ऑफिसने टॅब दिले होते.

टॅब दर दोन मिनिटांनी ओरडायचा, "तुमची नोंद बाकी आहे!" शबाना तेराव्या बोंडावर होती, तेव्हाही ओरडला. तिचा आकडाच गेला. "अबे, तू चूप बसशीन तं नोंद होईन ना!" म्हणत तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

एकदा नोंद भरताच पडद्यावर फुगे उडाले, टाळ्या वाजल्या. "शाब्बास!" नोंद होती पाच किडक्या बोंडांची. वावरवाले काका बघतच राहिले. "माह्या वावरात अळी निंगाली, अन् हा टाया वाजवून राह्यला?" मला तोंड कुठे लपवू असं झालं.

वंदनाताईने टॅब जेवणाच्या डब्यात कोंबला. तर डबाच वाजायला लागला! संध्याकाळी घरी त्याच ॲपचा मेसेज आला, "वंदना, तुमची आठवण येते आहे." वाचला नेमका तिच्या नवऱ्याने. "कोन हाय हा?"

शेवटी यवतमाळच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "तुमचं स्क्रीनवर लक्षच नसतं."

मी मीटिंगमध्ये कधी बोलत नाही. त्या दिवशी उठले. "साहेब, अळी स्क्रीनमध्ये नसते, बोंडात असते." तिघींनीही टॅब टेबलावर ठेवून दिले. "हा गप्प होईपर्यंत आम्ही वहीत लिहू. काढायचं असेल तर कामावरून काढा!"

साहेबांनी आमची समजूत घालायला ॲप बनवणाऱ्या प्राजक्ता मॅडमला वावरात पाठवलं. आम्ही त्यांच्यापुढे वीस बोंडं ठेवली, शेजारी टॅब चालू करून. त्यांनी तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. चौथ्यांदा मोजण्याआधी त्यांनी स्वतःच टॅबवर ओढणी टाकली.

पंधरा दिवसांनी नवीन ॲप आलं. आवाज नाही, फुगे नाहीत. बोंड फोडलं की एकदा बोट टेकवायचं. आकडा तिथेच आपली वाट बघत थांबतो.

पहिल्याच दिवशी वावरात शबानाचा फोन वाजला. प्राजक्ता मॅडम मोठ्या उत्साहाने विचारत होत्या, "शबानाताई, कसं वाटतंय नवीन ॲप?"

"मॅडम, सतरावं बोंड हातात हाय," शबाना म्हणाली आणि तिने फोन कट केला.