स्वल्पविरामासकट तू

आमच्या कासेलच्या संस्थेत रोलोफबाई आणि टीडेमान या दोघांचं पोट एका मेलेल्या मंत्र्यावर चालायचं. तसं माझंही, मी त्यांच्या शेजारच्या खोलीतली टायपिस्ट. हा मंत्री आधी विजेच्या यंत्रांचा कारखानदार. पहिल्या महायुद्धानंतर सरकारात शिरला. आयुष्यभर त्याने इतकं लिहिलं, की कारखाना कधी चालवला देव जाणे. त्याच्या सगळ्या लिखाणाची चिकित्सक आवृत्ती काढायचं काम या दोघांकडे होतं.

छापखान्यातून प्रुफं आली की दोघं समोरासमोर बसत. एकाने प्रूफ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकायचं. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. जकातीवरची टिपणं, पोलादावरची भाषणं, सगळं असंच पार पडलं. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीचे कान माझे.

शेवटचा खंड पत्रांचा होता. मंत्र्याने लग्न केलं नव्हतं, पण व्हिएन्नाच्या एका पियानो वाजवणारीला तो सतत पत्रं धाडी. टीडेमान वाचत, "प्रिये, स्वल्पविराम, तू गेल्यापासून पियानोचं झाकण कुणी उघडलेलं नाही, पूर्णविराम." आवाज जकातीवरचं वाचताना असे तसाच कोरडा. पूर्वी वाचायची पाळी आलटून पालटून असे. पत्रं सुरू झाल्यावर मात्र रोलोफबाई म्हणाल्या, माझा घसा बसतो, तुम्हीच वाचा. घसा चांगला खणखणीत होता त्यांचा.

जेवायच्या सुट्टीत पुन्हा "रोलोफबाई, जरा मीठ देता का?" आम्हा जर्मनांत अहो-जाहो सोडायचं तर नोकरीत जुना असेल त्याने पुढाकार घ्यायचा, पेल्याला पेला भिडवायचा आणि आपलं पहिलं नाव सांगायचं. रोलोफबाई संस्थेत टीडेमानांच्या दोन वर्षं आधी लागलेल्या, म्हणजे हक्क त्यांचाच. घरी त्यांचं कुणी नव्हतं. आई गेल्यापासून मला तू म्हणणारं माणूसच उरलं नाही, असं एकदा कॉफी ओतताना त्या सहज बोलल्या. मला फार वाईट वाटलं.

टीडेमानांच्या निवृत्तीच्या दिवशीच शेवटचं पत्र वाचायचं होतं. सकाळी बाईंनी फेसाळ वाइनची बाटली खिडकीबाहेर गारठ्यात ठेवली आणि माझ्याकडून दोन पेले नेले. पूर्णविराम झाला की बोलणार, म्हणाल्या. इतकी वर्षं काय मुहूर्त बघत होता, असं मी विचारलं, तर म्हणे कामात अडथळा नको होता.

भिंतीपलीकडे पत्र संपलं. "तुझाच, पूर्णविराम." खुर्ची सरकली. बाई बोलायच्या आत टीडेमानच बोलले.

"रोलोफबाई, एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे राहिले होते. दुसरीकडे लोक आठवड्याभरात अरे-तुरेवर येतात, गळ्यात पडतात. तुम्ही मला कधी त्या अवघड जागी आणलं नाहीत."

मग बाईंचा आवाज आला.

"त्यात काय एवढं. थांबा, तुमच्यासाठी बाटली आणली आहे. घरी घेऊन जा."

टीडेमान निरोप घ्यायला माझ्या दारात आले तेव्हा बाटली त्यांच्या बगलेत होती.

"फार जपून वागणारी बाई," ते म्हणाले. "पण मी एकटा माणूस, ही उघडू कुणाबरोबर? त्यांचं बरं आहे. टेबलावर दोन पेले दिसले, कुणीतरी यायचं असेल."

विद्वान माणूस, पण डोळ्यांपुढचं दिसेल तर शपथ. जीभ आवरून मी म्हटलं, "जरा परत जाऊन विचारा तरी."

ते वळले. तेवढ्यात भिंतीपलीकडून रोलोफबाईंचा आवाज आला. त्या एकट्याच पहिल्या पत्रापासून वाचत होत्या. "प्रिये, स्वल्पविराम, तू…"

टीडेमानांनी टोपी घातली. "बघा, अजून कामातच आहेत," असं आदराने म्हणून ते पाय न वाजवता जिना उतरून गेले.